महिनावार विक्री? पण कोणत्या तारखेने?



आज आधी माझी एक चूक सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

आपल्या अमळनेरच्या वर्गाला एक ताई येत होत्या. नाव सांगत नाही, आकडेही थोडे गोल केलेत. बिबडे, उडदाचे पापड, शेवया असा त्यांचा उन्हाळी वाळवणाचा धंदा. संक्रांत झाली की ऑर्डरी यायला लागतात, ऊन तापलं की गच्चीवर साड्या अंथरल्या जातात, आणि सहा बायका मदतीला येतात. ताईंच्या वहीतल्या नोंदी मी पॉवर बीआयमध्ये बसवून दिल्या आणि पहिलाच तक्ता काढला: 'महिनावार विक्री'. एप्रिल २०२५ चा खांब सगळ्यांत उंच, १,०५,००० रुपये.

ताई खूश. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकांना सांगून टाकलं, आखाजीच्या आधी सगळ्यांची मजुरी चुकती करते. मजुरी होत होती ५५,०००. आता खान्देशात आखाजी म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घरात चार पैसे असावेच लागतात. त्या वर्षी आखाजी ३० एप्रिलला होती. २८ तारखेला ताईंच्या हातात होते फक्त ४०,०००. मदतीच्या एका मावशींनी विचारलं, "ताई, पैसा कव्हय येतीन?" ताईंकडे उत्तर नव्हतं. शेवटी नणंदेकडून १५,००० उसने आणून त्यांनी शब्द पाळला.

नंतर त्या मला म्हणाल्या, "सर, तुमच्या तक्त्यात तर एक लाख पाच हजार होते!"

होते. आकडा खरा होता. पण तो माल पोचवण्याच्या तारखेने मांडलेला होता, आणि मथळ्यात मी ते लिहिलं नव्हतं. ताईंनी त्याचा अर्थ 'एप्रिलमध्ये येणारे पैसे' असा घेतला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसाच घेतला असता.

तीन ऑर्डरी, तीन चित्रं

त्या हंगामातल्या तीन मोठ्या ऑर्डरी बघा.

पहिली ४०,००० ची. ऑर्डर १२ फेब्रुवारी, पोच २२ एप्रिल, पैसे २८ एप्रिल.

दुसरी ६५,००० ची. ऑर्डर ३ मार्च, पोच २५ एप्रिल, पैसे ९ जून.

तिसरी ३०,००० ची. ऑर्डर २० मार्च, पोच २ मे, पैशांचा रकाना रिकामा.

आता याच तीन ओळींची महिनावार बेरीज करा. ऑर्डरच्या तारखेने केली तर फेब्रुवारीत ४०,००० आणि मार्चमध्ये ९५,०००. पोच तारखेने केली तर एप्रिलमध्ये १,०५,००० आणि मेमध्ये ३०,०००. पैसे मिळाल्याच्या तारखेने केली तर एप्रिलमध्ये ४०,०००, जूनमध्ये ६५,००० आणि ३०,००० कुठेच नाहीत. एकूण बेरीज तिन्ही वेळा १,३५,०००. म्हणून तर चूक पकडता येत नाही! एकूण जुळली की आपण निश्चिंत होतो.

अजून एक गंमत बघा. ऑर्डरच्या तारखेने हे सगळे १,३५,००० आर्थिक वर्ष २०२४-२५ चे दिसतात, आणि पोच तारखेने सगळेच्या सगळे २०२५-२६ चे. बिल पोच देताना फाडत असाल तर हिशोबाच्या वहीत ती विक्री २०२५-२६ ची. उद्या कर्जाच्या फाईलमध्ये तुम्ही ऑर्डरच्या तारखेचा तक्ता जोडला आणि शेजारी सीएने केलेला ताळेबंद असला, तर दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडतील. बँकेत बसलेला माणूस 'सूत्रात गडबड झाली असेल' असं म्हणत नाही, त्याला वेगळाच संशय येतो.

यादी एक, रेषा तीन

आता थोडं तांत्रिक, पण घाबरू नका.

आपल्या फाईलमध्ये दोन प्रकारचे तक्ते असतात. एक नोंदवही, जिच्यात रोज नव्या ओळी पडतात. दुसरी मूळ यादी, जिला लुकअप टेबल म्हणतात: ग्राहकांची यादी, मालाची यादी, गावांची यादी. तारखांचीसुद्धा अशी यादी करायची असते. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२६ अशी दोन आर्थिक वर्षं घेतली तर ७३० ओळी. एका दिवसाला एक ओळ, एकही दिवस गाळायचा नाही आणि एकही दोनदा लिहायचा नाही. प्रत्येक तारखेपुढे महिना, तिमाही, आर्थिक वर्ष.

मग ही यादी नोंदवहीला जोडायची. इथे प्रश्न येतो. नोंदवहीत तारखेचे रकाने तीन आहेत: ऑर्डर, पोच, पैसे. यादी कोणत्या रकान्याला जोडायची?

उत्तर: तिन्हींना. पॉवर बीआयमध्ये किंवा एक्सेलच्या पॉवर पिव्हटमध्ये एकाच यादीपासून तीन रेषा काढता येतात. पण दोन तक्त्यांमध्ये एका वेळी चालू रेषा एकच असते. ती सलग दिसते, बाकीच्या तुटक दिसतात. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर सगळ्या बेरजा सलग रेषेनेच होतात. तुटक रेषेने बेरीज हवी असेल तर सूत्रातच सांगावं लागतं की या हिशोबापुरती ती दुसरी रेषा धर. त्यासाठी कॅल्क्युलेटच्या आत युजरिलेशनशिप लिहितात. टाइप इंग्रजीतच करायचं, कसं ते व्हिडिओत दाखवलंय.

म्हणजे तीन रेषा काढल्या तरी काम अर्धंच झालं. ताईंच्या फाईलमध्ये मी तिन्ही रेषा काढल्या होत्या. चालू ठेवली पोचेची, आणि सूत्र लिहिलं एकच. सॉफ्टवेअरने विचारलं नाही की बाबा, कोणत्या तारखेने मांडू? त्याने गुपचूप चालू रेषा धरली. माझ्या मते नवशिक्याला सगळ्यांत जास्त फसवणारी जागा हीच. सूत्र चुकलं तर लाल अक्षरात ओरड तरी होते. इथे काहीच होत नाही, देखणा खांब उभा राहतो.

म्हणून सूत्रं तीन लिहा आणि नावं पूर्ण द्या: 'आलेल्या ऑर्डरी', 'पोचवलेला माल', 'हातात आलेले पैसे'. नुसता 'विक्री' हा शब्द तक्त्यातून हद्दपार करा. तिन्ही खांब एका महिन्यावर शेजारीशेजारी उभे करा. ताईंना हे चित्र एप्रिलच्या सुरुवातीला दिसलं असतं, तर पोचेच्या उंच खांबाशेजारी पैशांचा खांब जमिनीलगत दिसला असता आणि शब्द देताना त्या थोड्या थांबल्या असत्या.

आणि त्या रिकाम्या ३०,००० चं काय? पैशांच्या रेषेने बेरीज मांडली की तक्त्यात बिनमहिन्याची एक ओळ येते. बरेच जण ती 'दिसायला वाईट दिसते' म्हणून लपवतात. लपवू नका! ती रिकामी ओळ म्हणजे तुमची उधारी. माझं मत विचाराल तर पूर्ण तक्त्यातला सगळ्यांत कामाचा आकडा तोच. रोज सकाळी दुकान उघडल्यावर तो आधी बघायचा.

एक सावधगिरी. गिऱ्हाईक पैसे हप्त्याने देत असेल तर एका रकान्यात भागत नाही. मग जमा रकमांचा वेगळा तक्ता करा, त्यात ऑर्डर नंबर लिहा, आणि तारखांची तीच यादी त्यालाही जोडा.

'सर, यादीच्या तीन प्रती केल्या तर?'

हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो, आणि तो चुकीचा नाही. तारखांच्या तीन प्रती केल्या, प्रत्येक रकान्याला एक जोडली, की तिन्ही रेषा चालू राहतात आणि युजरिलेशनशिपची भानगडच नको. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मार्गदर्शनातही शक्यतो चालू रेषा वापरा, त्यासाठी यादीची जादा प्रत केली तरी चालेल, असाच कल आहे. जुन्या ॲक्सेसमध्ये तर तेच तेबल दुसऱ्यांदा ओढून आणलं की नावापुढे एक हा आकडा लागून दुसरी चौकट तयार होते. पण तिथे ती नुसती चौकट असते, आतली यादी एकच राहते. हा फरक लक्षात ठेवा.

तरीही छोट्या धंद्याला मी प्रतींपासून लांब राहायला सांगतो. कारण घरचंच आहे. २०२४ साली आखाजी १० मेला होती, २०२५ साली ३० एप्रिलला. लक्ष्मीपूजन २०२४ साली १ नोव्हेंबरला, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. म्हणजे 'या एप्रिलमध्ये मागच्या एप्रिलपेक्षा धंदा दुप्पट' असं दिसलं तर हुरळून जाऊ नका, सण सरकलाय. पापडवाले, कपडेवाले, भांडीवाले, आपल्या सगळ्यांचा हंगाम सणावर चालतो, इंग्रजी महिन्यावर नाही. म्हणून तारखांच्या यादीत मी दोन रकाने जास्तीचे घालायला लावतो: 'आखाजीला किती दिवस' आणि 'दिवाळीला किती दिवस'. हे कॅलेंडर बघून हाताने भरावं लागतं, कारण पॉवर बीआयला आखाजी ठाऊक नाही.

यादी एक असेल तर हे काम एकदाच. ऑर्डरी आखाजीच्या किती दिवस आधी येतात, माल किती दिवस आधी जातो, पैसे किती दिवसांनी येतात, तिन्ही प्रश्नांना एकच रकाना पुरतो. हाताने केलेल्या प्रती तीन असतील तर तेच तीनदा भरा, आणि पुढच्या वर्षी दोनच भरून तिसरी विसरा. मोठ्या कंपनीत हे बघायला माणूस असतो. तुमच्याकडे तो माणूस तुम्हीच, रात्री साडेदहाला, दिवसभराचा माल पोचवून आल्यावर.

प्रत लागतेच, अशीही एक वेळ येते. 'फेब्रुवारीत ऑर्डर दिली आणि जूनमध्ये पैसे दिले असे कोण?' दोन तारखांवर एकदम चाळणी लावायची असेल तर एका यादीने ते सरळ जमत नाही. तेव्हा प्रत खुशाल करा, पण सूत्राने करा, म्हणजे मूळ यादीत बदल झाला की प्रतीतही होतो. पॉवर बीआयमध्ये त्याला एक ओळ पुरते. हाताने कॉपी-पेस्ट मात्र करू नका.

तारखांपुरतं नाही हे

हीच अडचण दुसऱ्या यादीतही येते. समजा तुमचा मसाल्याचा धंदा आहे. सुरतची पार्टी माल मागवते, बिल सुरतच्या नावाने, पण म्हणते माल नवापूरला उतरवा. नवापूर आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, माल महाराष्ट्राबाहेर गेलाच नाही. मग महाराष्ट्राचा कर लावायचा? नाही. एकाच्या सांगण्यावरून माल दुसऱ्याला पोचवला, तर सांगणाऱ्याचं मुख्य ठिकाण हे पुरवठ्याचं ठिकाण धरलं जातं. म्हणजे गुजरात, आणि कर आयजीएसटी. जीएसटीत महाराष्ट्राचा कोड २७, गुजरातचा २४. तुमच्या नोंदवहीत राज्याचे रकाने दोन हवेत, 'बिलाचं राज्य' आणि 'माल उतरण्याचं राज्य', आणि राज्यांची एकच यादी दोघांना जोडलेली हवी. कर पहिल्याने, गाडीभाड्याचा हिशोब दुसऱ्याने. एकच रकाना ठेवून काम भागवणाऱ्याला रिटर्न भरताना घाम फुटतो. अशा बिलांत शंका असली की आधी सीएला फोन.

माणसांच्या यादीतही तेच. ज्या शेतकरीदादाकडून तुम्ही उडीद घेता, तेच लग्नसराईत तुमच्याकडून पापड नेतात. घेणाऱ्यांची यादी वेगळी आणि देणाऱ्यांची वेगळी केली, तर एकीत त्यांचे ८,००० येणे, दुसरीत ११,००० देणे, आणि खरा हिशोब ३,००० देण्याचा आहे हे तुम्हाला वर्षभर कळत नाही. माणूस एक, तर यादीत ओळ एक. त्या ओळीपासून दोन रेषा: एक विकणाऱ्याच्या रकान्याला, एक घेणाऱ्याच्या.

आणि जोडायचं ते कोडने. आपल्या गावाचंच नाव लोक अमळनेर, अंमळनेर, अमलनेर असं तीन प्रकारे लिहितात. नावावरून जोडलं की एका गावाची तीन गावं होतात. बुद्रुक-खुर्दची गावं असतील तर दोनाचं एकही होतं. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड दिलाय तो याचसाठी. तुम्ही तेवढं नका करू, ग्राहकाला १०१, १०२ असे नंबर दिले तरी पुरे.

'माझी दोनशे बिलं, मला काय करायचंय हे?'

खरंय. दोनशे बिलांना पॉवर बीआय शिकलंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. साध्या एक्सेलमध्ये व्हीलुकअप किंवा एक्सलुकअपने एकच यादी हव्या तेवढ्या रकान्यांसाठी वापरता येते, तिथे चालू-बंद रेषेचं झंझटच नाही. वही असेल तर वहीत करा. पण तारखेचे तीन रकाने आजपासून पाडा. रकाना नसेल तर पुढे कुठलंही सॉफ्टवेअर ती तारीख शोधून देणार नाही. तक्ता नंतर बनवता येतो, न लिहिलेली तारीख परत येत नाही.

पोच तारखेचं महत्त्व तर कायद्यानेही आहे. तुमचा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि तेही मुदतीचा लेखी करार असेल तर. करार नसेल तर १५ दिवस. हे दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून, ऑर्डरपासून नाही. ताईंची ६५,००० ची ऑर्डर बघा: पोच २५ एप्रिल, पैसे ९ जून, बरोबर ४५ दिवस. लेखी काहीच नव्हतं. म्हणजे मुदत १० मेला संपली होती, आणि ताई महिनाभर 'ओळखीचा माणूस आहे, कसं मागू' म्हणत बसल्या. पोच तारीख, सहीसह, लिहिलेली असली तर मागायला तोंड राहतं.

या आठवड्याचं काम

मागच्या वीस ऑर्डरी घ्या. तीन तारखा लिहा. तारखा खऱ्या तारखाच आहेत ना ते तपासा. मोबाईल ॲपमधून आणलेल्या तारखेला बरेचदा वेळ चिकटलेली असते, नाहीतर ती नुसती अक्षरं असतात. मग यादीशी जुळत नाही आणि ओळ उगाच रिकाम्या खात्यात जाते. उधारी नसताना उधारी दिसते! मग तीन बेरजा काढा आणि प्रत्येकीच्या मथळ्यात लिहा, 'कोणत्या तारखेने'.

ताई यंदा आल्या होत्या. त्यांनी केलेला बदल मी शिकवला नव्हता. सॉफ्टवेअरचं राहू द्या, त्यांनी ऑर्डरच्या पावतीवरच चौथा रकाना छापून घेतलाय: 'पैसे कधी देणार'. ऑर्डर देतानाच गिऱ्हाईकाकडून तारीख लिहून घेतात. तारखांच्या यादीला आता चौथी रेषा काढावी लागली. दिलेला शब्द आणि आलेले पैसे यांच्यात कोणाचे किती दिवस जातात, हे त्यांना आता गिऱ्हाईकवार दिसतं. पुढच्या हंगामात कोणाला उधार द्यायचं आणि कोणाला हात जोडायचे, ते त्या त्यावरून ठरवणार आहेत.

आणि त्या मावशींनी काही विचारायच्या आत ताईच सांगतात, पैसे कोणत्या तारखेला मिळतील ते.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर वही काढा, रकाने पाडा.